मार्गे ताडकळस

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याने निघालं की सिंगणापूर फाट्यावर डावीकडे एक रस्ता फुटतो. तो ताडकळसला जातो आणि पुढे फुलकळस, धानोरा काळे अशी गावं घेत, गोदावरी ओलांडून पालमला पोचतो. संपादकांनी मला या भागात पाठवलं होतं ते मोठ्या रस्त्यांवर लिहायला. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार, शक्तिपीठ महामार्गाची आखणीही याच जिल्ह्यातून झालेली. मोजणी, मोबदला, विरोध हे सगळं पाहून या, एवढंच सांगणं होतं. ते पाहिलं. पण ज्या रस्त्याने माझी ये-जा चालली होती त्याची चौकशी कुणीच करत नव्हतं, आणि इथल्या गावांचं रोजचं जगणं तर त्याच रस्त्यावर चालतं. म्हणून हा लेख त्या जुन्या रस्त्याचा.

ताडकळस पूर्णा तालुक्यात येतं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परभणी सोडल्यावर पिंगळी, मिरखेल करत पूर्णा जंक्शनला जाते. ताडकळस तिच्या दक्षिणेला राहून जातं. त्यामुळे इथे जे येतं ते रस्त्याने, आणि जे जातं तेही रस्त्याने. बाजार समिती आहे, पोलीस ठाणं आहे, आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारे वेल्डिंगवाले, मोबाइलची दुकानं, भज्यांची कढई सकाळपासून तापलेली ठेवणारी हॉटेलं आहेत. आसपासच्या खेड्यांतला माणूस कापसाचं बियाणं इथून नेतो, सोयाबीन इथे आणतो, आणि दवाखान्याचं मोठं काम निघालं तर इथूनच परभणीची गाडी धरतो. जिल्ह्याच्या नकाशावर बारीक रेघ दिसणारा हा रस्ता दहा दिवस बंद राहिला, तर किती घरांची गणितं बिघडतील याचा अंदाज ताडकळसच्या चौकात तासभर उभं राहिलं तरी येतो.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगतो. हा सगळा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या रेल्वेने 1932 साली 27 गाड्या घेऊन प्रवासी बससेवा सुरू केली. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याआधी, 1927 साली, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली होती. पेट्रोलवर कर बसवून त्या पैशातून रस्ते करावेत, ही तिची शिफारस. पुढे 1943 साली नागपूरला देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्राम. शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावं, असं त्या योजनेचं उद्दिष्ट होतं. मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आला, 1961 साली इथली बससेवा एसटी महामंडळात मिसळली. पण मराठवाड्यातल्या गावोगावच्या रस्त्यांचा खरा इतिहास माणसांच्या हातांत आहे, आणि त्याचं साल 1972.

त्या वर्षी पाऊस गेला. शेतात काही नव्हतं, विहिरी आटल्या, आणि सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध आणि सगळ्यांत जास्त नजरेत भरलेली म्हणजे रस्त्याची कामं. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग पडायचे आणि बायका-पुरुष हातोडीने खडी फोडत बसायचे. खडीचे चट्टे लावायचे, ब्रासने मोजणी व्हायची, आणि त्यावर हजेरी. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो. ज्यांनी ती लालसर मिलो खाल्ली आहे, ती माणसं आज साठी-सत्तरीपलीकडे आहेत आणि तिची चव विचारली तर अजून तोंड वाकडं करतात. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला याच दुष्काळाने आकार दिला. तिचा कायदा पुढे 1977 साली झाला. आज डांबराचे आणि काँक्रीटचे जे रस्ते आपण वापरतो, त्यांतल्या कितीकांच्या पोटात त्या हातांनी फोडलेली खडी आहे. त्यावर कुठे पाटी नाही. असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

खडी चांगली होती, माणसं राबली होती, तरी हे रस्ते टिकत का नाहीत? याचं उत्तर मला एका निवृत्त मैलकुलीने दिलं. ताडकळसच्या पुढच्या एका गावचे हे गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. बांधकाम खात्यात रोजंदारीवर लागले, काही वर्षांनी रोजंदारी कामगारांसाठीच्या कालेलकर अवॉर्डखाली कायम झाले, आणि सगळी नोकरी ठरावीक काही किलोमीटर रस्ता सांभाळण्यात गेली. फावडं, टिकाव, घमेलं, विळा आणि धुमस एवढी त्यांची हत्यारं.

“रस्ता वरून बगायचा नसतो,” ते म्हणाले. “रस्ता बाजूनं बगायचा.”

मी रस्त्याच्या कडेला उतरून पाहिलं. डांबराच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, रस्त्याला समांतर, लांबच लांब एक भेग गेली होती. बोट जाईल एवढी. मधला भाग बरा होता.

“मधी नाही फुटत तो आधी. कडंला फुटतो. का सांगा?”

त्याचं कारण काळ्या मातीत आहे. दख्खनच्या बेसाल्ट दगडाची झीज होऊन बनलेली ही रेगड माती. गोदावरीकाठी तिचा थर चांगलाच खोल जातो. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पाणी दोन पापुद्र्यांच्या मधे शिरून त्यांना दूर सारतं. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात इथल्या रानात हात घालता येईल अशा भेगा पडतात. कापसाला, तुरीला, रब्बी ज्वारीला हीच माती वरदान आहे, कारण ती ओल धरून ठेवते. रस्त्याला नेमकं तेच नको असतं. वरून डांबर असल्यामुळे रस्त्याच्या मधल्या पट्ट्याखालची ओल वर्षभर साधारण सारखी राहते. कडेची माती मात्र उघडी; ती जूनमध्ये फुगते, मेमध्ये बसते. मधला भाग स्थिर आणि कडा वरखाली, तेव्हा दोहोंच्या सीमेवर रस्ता फाटतो. त्या भेगेतून पुढच्या पावसाचं पाणी थेट खाली उतरतं, खडीखालची माती लोण्यासारखी होते, आणि वरून पहिली जड गाडी गेली की खडी चिखलात रुतते. आपल्याला खड्डा दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी.

प्रयोगशाळेत मातीची वजन पेलण्याची ताकद सीबीआर नावाच्या आकड्याने मोजतात. मुरमाचा आकडा दोन अंकी निघू शकतो. भिजलेल्या काळ्या मातीचा दोन-तीनवर येतो. म्हणून काळ्या मातीवर रस्ता करताना आधी न फुगणाऱ्या मातीचा किंवा मुरमाचा दोन-तीन फुटांचा थर द्यावा, असं शास्त्र सांगतं. चुना मिसळूनही मातीचं फुगणं कमी करता येतं. या गोष्टी अभियंत्यांना माहीत नाहीत असं नाही. पण चांगला मुरूम लांबून आणावा लागतो, त्याला पैसा लागतो, आणि तयार रस्त्यावरून जाणाऱ्याला तो थर दिसत नाही.

मामांना यातला सीबीआर ठाऊक नव्हता. बाकी सगळं ठाऊक होतं. त्यांच्या कामाचा जो नियम मला सगळ्यांत आवडला तो असा: पाऊस चालू असताना रस्त्यावर जायचं. “उघडल्यावर काय दिसतंय? पडताना गेलं की पाणी कुठं थांबतंय ते कळतं. तिथं चर मारायचा.” डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन ते भर पावसात आपला रस्ता चालत जायचे. साईडपट्टी उंच होऊन पाणी डांबरावर अडलं असेल तर फावड्याने तिच्यात चर पाडायचा, म्हणजे पाणी नालीत उतरतं. नालीत बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक, गाळ अडकला असेल तो ओढायचा. मोरीचं तोंड पाहायचं. उघडीप मिळाली की साईडपट्टीवर मुरूम टाकून धुमसाने ठोकायचा. उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, भेगा भरून घ्यायच्या.

खड्डा बुजवायचीही रीत होती. खड्डा गोल ठेवायचा नाही. कडा उभ्या कापून तो चौकोनी करायचा. तळाची माती हाताला कडक लागेपर्यंत काढायची. झाडून कोरडा करायचा, गरम डांबर फिरवायचं, मग खडीचे थर, प्रत्येक थरावर ठोकणी. असा एक खड्डा नीट भरायला दोन माणसांची बरीचशी सकाळ जाते. हल्ली ट्रॅक्टर येतो, ओल्या खड्ड्यात मुरूम ओततो आणि पुढे जातो. पहिल्या सरीत तो मुरूम वाहून शेतात. हे सांगताना मामांच्या आवाजात राग नव्हता, कारागिराला वाईट काम पाहून होतो तो त्रास होता.

मामांच्या जागी नवा माणूस आला नाही. मैलकुलींची भरती थांबून वर्षं लोटली. आता देखभालीची कामं निविदेने जातात, आणि निविदा निघते ती रस्ता पुरता बिघडल्यावर. नव्या डांबरीकरणाला निधी मिळतो, भूमिपूजन होतं, फोटो येतात. तुंबलेली नाली उपसायला मात्र स्वतंत्र पैसा मोठ्या मिनतवारीने निघतो. फुगणाऱ्या मातीवरचा रस्ता एकदा बांधून संपत नाही, तो दर पावसाळ्यात पुन्हा राखावा लागतो. हे राखणारं माणूसच आपण व्यवस्थेतून काढून टाकलं, ही माझी या प्रवासातली सगळ्यांत मोठी काळजी.

दुसरी काळजी उसाची. गंगाखेड आणि पूर्णा तालुक्यांत साखर कारखाने आहेत, गोदावरीकाठी बंधारे झाल्यापासून ऊसही वाढला आहे. गाळप सुरू होतं साधारण नोव्हेंबरमध्ये. म्हणजे पावसाळा संपून रस्त्याखालची माती वर्षातली सगळ्यांत ओली, सगळ्यांत कमजोर असताना, वर्षातली सगळ्यांत जड वाहतूक तिच्यावर येते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाची चळत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अखंड फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, जवळपास सोळा पट होतं. शेकडो मोटारसायकली आणि काळीपिवळी जीपगाड्या मिळून रस्त्याचं जे वाकडं करणार नाहीत, ते जादा भरलेली एक ट्रॉली करून जाते.

ट्रॅक्टरवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्याला भाडं टनावर मिळतं, हप्ते थकलेले असतात. “कमी भरलं तर डिझेलबी निघत नाही,” असं एकाने सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर उभी राहते आणि तिचं वजन लिहिलं जातं. कुठल्या हंगामात किती ओझं आलं याचा हिशेब त्या नोंदींत पडून आहे. तो रस्त्याच्या आराखड्यापर्यंत पोचायला हवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. धानोरा काळे इथे हा रस्ता गोदावरी ओलांडतो. वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की इथल्या नदीकाठच्या गावांत झोप उडते. पूल पाण्याखाली गेला तर पालम समोर असून लांबचा वळसा पडतो. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्याने गोदावरीच्या पुराचं जे रूप पाहिलं ते पाहिलेला माणूस या चिंतेला अतिशयोक्ती म्हणणार नाही. नदीपासून दूर, सपाट रानातही पाण्याची भांडणं आहेतच. रस्ता दर दुरुस्तीला थोडा उंच होतो. वरच्या बाजूचं शेत चिबडतं, तो शेतकरी मोरी मोकळी करा म्हणतो. खालच्या बाजूचा म्हणतो, सगळं पाणी माझ्याच रानात का? मग कुणीतरी रात्री मोरीचं तोंड मातीने बुजवतं. मैलकुली असताना ही भांडणं त्याच्यापाशी यायची, तो दोघांनाही नावाने ओळखायचा आणि चर थोडा वळवून काहीतरी तोड काढायचा.

आता याच रानातून सुमारे 180 किलोमीटरचा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग समृद्धी महामार्गाला जोडण्यासाठी आखला आहे. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग 802 किलोमीटरचा आणि बारा जिल्ह्यांतला म्हणून जाहीर झाला. परभणीतल्या शेतकऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला आहे. बागायती जमीन जाण्याचं त्यांचं दुःख उघड आहे. मला त्यात भर घालावीशी वाटते ती भरावाची. असे मार्ग शेतापासून उंच भरावावर जातात. इतक्या सपाट, इतक्या फुगणाऱ्या मातीच्या मुलुखात आडवा भराव घातला, तर मोऱ्या कुठे आणि किती रुंद, हा प्रश्न मोबदल्याइतकाच मोठा आहे. आणि त्या बांधकामाचा मुरूम, खडी, सिमेंट वाहणारे डंपर जाणार कुठून? ताडकळससारख्या गावांच्या याच रस्त्यांवरून.

मामांना मी विचारलं, यंदा तुमच्या हाती असतं तर आधी काय केलं असतं? त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. ताडकळसच्या पुढच्या नाल्या. त्या दसऱ्यापर्यंत मोकळ्या झाल्या तर ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत रस्त्याखालची ओल उतरायला महिनाभर मिळतो. एक जेसीबी, पंधरा माणसं, फावडी, आणि पाऊस पडताना रस्त्यावर जाणारा एक जण, एवढं त्यांनी मागितलं.