शेवटचा अर्धा मिलिमीटर

लातूरकरांना मिरज म्हटले की पाण्याची रेल्वे आठवते. एप्रिल २०१६ मध्ये १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली आणि मिरजेचे नाव घरोघरी पोचले. मिरजेची जुनी ओळख मात्र सतार-तंबोऱ्यांची. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात; पंढरपूर लातूर-मिरज लोहमार्गावरच आहे. लाकूड तुनाचे. तून हे आपल्या कडुनिंबाच्या कुळातले झाड, आणि गिटारवाल्यांची लाडकी महोगनीही त्याच कुळातली.

भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडी चकती बसते ती तबली. गिटारमध्ये हेच काम पुढची फळी करते. कारागीर तिला टॉप म्हणतात. वाद्य सतार असो की नांदेडच्या एखाद्या क्लासमधली गिटार, कारागिराचा कस लागतो तो ही फळी किती पातळ करायची आणि नेमके कुठे थांबायचे, यात.

तार स्वतः फारसे बोलत नाही. ती इतकी बारीक असते की हवेला ढकलण्याऐवजी कापत जाते. तिची थरथर तारांखालच्या घोडीवाटे फळीत उतरते आणि रुंद फळी हवा हलवते, तेव्हा कुठे आवाज मैफलीत शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये याचा पुरावाच घडवून ठेवला. त्याने गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, पुढची फळी तेवढी चांगल्या लाकडाची लावली. वाद्य उत्तम वाजले. ते आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे फळी हलकी हवी, म्हणून पातळ हवी. पण स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे ७० किलोच्या ताणाने ओढत असतात. फळी फार पातळ झाली तर घोडीच्या मागे फुगते, पुढे खचते आणि काही वर्षांत वाद्य बाद होते. जाड ठेवली तर वाद्य टिकते, पण मुके राहते. बाजारातल्या स्वस्त गिटारी बहुधा याच दुसऱ्या गटातल्या, कारण कारखानदाराला दुरुस्तीला परत येणाऱ्या वाद्यापेक्षा मुके वाद्य परवडते.

यातले गणित मजेशीर आहे. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. तीच उभी धरून वाकवायला जा, बोटे दुखतील. फळीचे वजन जाडीच्या सरळ प्रमाणात बदलते, ताठपणा मात्र जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ३ मिलिमीटरची फळी अडीचवर आणली तर वजन जेमतेम १७ टक्के घटते, ताठपणा मात्र ४२ टक्के जातो. त्यामुळे ८ मिलिमीटरवरून ४ पर्यंत यायला कारागीर बेधडक रंधा मारतो किंवा फळी सरळ सँडर यंत्रात घालतो, आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला दर दोन हातांनंतर थांबतो. तासलेले परत चिकटत नाही.

मग जाडीचा एक आकडा ठरवून का टाकत नाहीत? कारण लाकूड म्हणजे काही पत्रा नव्हे. स्टीलच्या तारांच्या गिटारला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर ठेवतात, पण एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्या सारख्याच जाडीला वेगवेगळ्या वाकतात. शिवाय तंतूंच्या रेषेच्या दिशेने लाकडाचा जो ताठपणा असतो, तो आडव्या दिशेला दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी भरतो. म्हणून जाणता कारागीर कॅलिपरवर जाडी पाहतो, पण विश्वास ठेवतो तो वाकण्यावर. फळी दोन टोकांना टेकवायची, मधोमध ठरलेले वजन ठेवायचे आणि ती किती खाली गेली ते डायल गेजवर वाचायचे. एक फळी २.६ वर थांबते, दुसरी ३ वर.

दुसरी परीक्षा कानाची. फळी चिमटीत धरून मध्यावर बोटाने टकटक करायची. चिमटीची जागा मात्र कुठलीही चालत नाही. सुटी पट्टी वाकून कंप पावते तेव्हा दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर ती जवळपास स्थिर असते. तिथे धरले तर सूर घुमतो. मध्यभागी धरले तर ठप्प आवाज येतो. पिढीजात कारागिराची बोटे ही जागा भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडता शोधतात. रंधा चालत जातो तसा हा सूर खाली उतरतो, कारण जाडी कमी झाली की कंपनसंख्याही त्याच प्रमाणात घटते.

नांदेड जिल्ह्यात लाकूड म्हटले की किनवटचा साग. त्याची गिटार का होत नाही? होते, पण पुढच्या फळीला साग अडचणीचा. ताठपणात तो स्प्रूसला हार जात नाही. वजनात मात्र साधारण दीडपट. तेवढाच ताठपणा हवा तर तेवढीच जाडी ठेवावी लागते, आणि मग तारांना दीडपट ओझे हलवावे लागते. कोलकात्याकडच्या सतारींना मात्र साग चालतो. तिथला नाद वेगळा, अपेक्षाही वेगळी.

मराठवाड्यातला खरा शत्रू हवा. लाकूड ओलावा पिते आणि सोडते, तसे आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. निम्म्या आर्द्रतेत, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास, घडवलेली गिटार एप्रिल-मेच्या लातुरात आली, जिथे दुपारची हवा २५ टक्क्यांच्याही खाली कोरडी होते, की ४० सेंटीमीटर रुंदीची फळी तिथेच काही आठवडे राहिल्यावर सुमारे दोन मिलिमीटर आकसू पाहते. आतून आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाहीत. फळी एकीकडे ओढते, पट्ट्या धरून ठेवतात, आणि रेषेवर चीर पडते. पातळ फळी ओलावा लवकर सोडते, म्हणून उत्तम वाद्य आधी तडकते.

प्लायवूडची गिटार यातून बरीच वाचते, कारण तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. आवाजात ती कमी पडते, पण दहावीच्या सुट्टीत शिकायला लागलेल्या मुलाला औशाच्या किंवा देगलूरच्या उन्हाळ्यात तीच घेऊन द्यावी. अस्सल फळीची असेल तर वाजवून झाली की पेटीत बंद करावी आणि छिद्रे पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून तीही पेटीत ठेवावी. पावसाळ्यात स्पंज काढून घ्यायचा. तेव्हा फळी फुगून घोडी वर उचलते, तारा पडद्यांपासून लांब जातात आणि दाबताना बोटे सोलतात.