आम्लत्वाची सनद कोणाकडे?

वरणाचा डाग पडलेल्या कापडावर साबण घासताच पिवळा डाग तांबडा होतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, हा अनुभव नसलेले मराठी घर विरळाच. परंतु हळदीच्या या रंगबदलामागे दोन आयनांचा कारभार आहे याची दखल सहसा कोणी घेत नाही, आणि ज्यांनी ती शाळेत घेतलेली असते त्यांच्याही मनात काही समजुती चुकीच्याच रुजून बसलेल्या असतात.

गैरसमज : आम्लत्व प्राणवायूपासून येते.
वस्तुस्थिती : लाव्हाझिए या थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचेही हेच मत होते आणि त्यापायीच त्याने त्या वायूस ‘आम्लजनक’ या अर्थाचे ऑक्सिजन हे नाव बहाल केले, पण ज्याला आज आपण हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो त्यात प्राणवायूचा लवलेशही नाही, असे इंग्लंडात हंफ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिले आणि ती सनद रद्द झाली, नाव मात्र कायम राहिले. पुढे स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसच्या १८८४ च्या प्रबंधातून जी उपपत्ती उदयास आली, तिने पाण्यात हायड्रोजन आयन देणाऱ्यास आम्ल व हायड्रॉक्साइड आयन देणाऱ्यास आम्लारी ठरविले. परीक्षकांनी कनिष्ठ श्रेणी दिलेल्या त्या प्रबंधाच्या कर्त्यास १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गैरसमज : सूत्रात हायड्रोजन दिसला की आम्ल, हायड्रॉक्सिल दिसला की आम्लारी.
वस्तुस्थिती : मिथेनमध्ये हायड्रोजनचे चार अणू असूनही तो आम्ल नाही, मद्यार्कात हायड्रॉक्सिल गट असूनही तो आम्लारी नाही, आणि अमोनियाच्या सूत्रात हायड्रॉक्सिल नसताना तो मात्र आम्लारी आहे, कारण तो पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन काढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. या देवघेवीलाच ब्रॉन्स्टेड व लाउरी यांनी १९२३ मध्ये, स्वतंत्रपणे, व्याख्येचे रूप दिले : प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी.

गैरसमज : हायड्रोजन आयन पाण्यात एकटाच संचार करतो.
वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन म्हणजे केवळ प्रोटॉन, तो पाण्यात मोकळा न राहता पाण्याच्याच रेणूला जडून हायड्रोनियम आयन बनतो.

गैरसमज : आम्लात हायड्रॉक्साइड आयन नसतात आणि शुद्ध पाण्यात तर कोणतेच आयन नसतात.
वस्तुस्थिती : २५ अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक हायड्रोनियम व एक हायड्रॉक्साइड अशी जोडी असते. आम्ल घातल्यास पहिला वाढतो व दुसरा त्याच प्रमाणात घटतो, परंतु नाहीसा होत नाही; तेव्हा निवाडा दोघांपैकी बहुमत कोणाचे यावरच होतो. सोरेन्सनने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सुचविलेला सामू हे याच हिशेबाचे माप असून, त्यातील एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक होय.

गैरसमज : तीव्र आम्ल म्हणजे संहत आम्ल.
वस्तुस्थिती : तीव्रता ही किती रेणूंचे आयन होतात यावर अवलंबून असते, संहतता ही किती आम्ल विरघळले आहे यावर. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू विघटित होतात. तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचे, म्हणजे व्हिनेगरातील आम्लाचे, शंभरांतून जेमतेम एक-दोन.

वाचकांनी एकदा हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना कालवून तांबूस झालेल्या त्या पाण्यात लिंबू थेंबथेंब पिळून पाहावे : रंग पिवळ्यावर परततो, कारण लिंबाचे हायड्रोनियम आणि चुन्याचे हायड्रॉक्साइड आयन एकमेकांस भेटून त्यांचे पाणी झालेले असते.