तोंड बांधलेला माणूस आणि फोनचं कुलूप
लेखमाला : हातातलं यंत्र, भाग सहावा

२२ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागू झाली. पहिली लाट ओसरल्याचा दिलासा राज्यात इतरत्र अजून टिकून होता. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत सुरू होऊन तीन आठवडे होत आले होते. इकडे पालकमंत्री यशोमती ठाकूर यांना मात्र बाजारपेठा बंद ठेवण्याची घोषणा करावी लागली. दुसऱ्या लाटेची झळ महाराष्ट्रात आधी लागली ती वऱ्हाडाला. राजापेठ चौकात त्या आठवड्यात जी तुरळक माणसं दिसत होती, ती सगळी नाकातोंडाला मास्क लावलेली.

मोठ्या संकटात छोट्या अडचणींची नोंद कोणी ठेवत नाही, पण अशी एक अडचण तेव्हा असंख्य हातांत होती. औषधांच्या दुकानासमोर उभं राहायचं, डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आलेली, ती दाखवायला फोन चेहऱ्यासमोर धरायचा, आणि फोन मालकाला ओळखत नाही. मग मास्क हनुवटीवर ओढायचा, कुलूप उघडलं की पुन्हा नाकावर चढवायचा. दुकानदाराकडून सुटे पैसे घेतलेल्या हातानेच हे सगळं चालायचं. मास्कला वारंवार हात लावू नका, असं आरोग्य खातं सांगत होतं आणि फोन नेमकं तेच करायला लावत होता. कोविड वॉर्डातल्या परिचारिका आणि डॉक्टरांची अडचण याहून मोठी. चेहरा मास्कमागे, बोटं हातमोज्यांत. म्हणजे मागच्या भागात पाहिलेला बोटाचा ठसाही बाद. त्यांच्यासाठी पिन हाच एक मार्ग उरला होता.

मास्क गेला. पण वऱ्हाडात चेहरा झाकणं गेलं नाही, कारण ते कोरोनाने आणलेलंच नव्हतं.

मार्चच्या शेवटी ऊन तापायला लागलं की इथल्या घराघरांत ‘कान बांधून घे, ऊन लागन’ हे वाक्य सुरू होतं. राजापेठहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एप्रिल-मे महिन्यांत गाडीवरची मुलगी पाहावी. स्कार्फची एक कड भुवयांच्या जरा वर कपाळावर घट्ट बसवलेली. दोन्ही टोकं कानांवरून मागे नेऊन पुढे आणलेली. त्यातलं एक टोक नाकावरून आडवं ओढून पलीकडे कानापाशी खोचलेलं. वर काळा गॉगल, हातात कोपराच्या वरपर्यंत येणारे मोजे. पुरुष पांढरा दुपट्टा असाच डोक्याभोवती गुंडाळतात आणि त्याचा शेव तोंडावर घेतात. उघडे राहतात ते डोळे, आणि गॉगल चढवला की तेही नाहीत. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. कामगारांना सावली आणि पाणी द्यावं, शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नयेत, असे ते आदेश होते. अशा गावात तोंड बांधणं ही हौस नाही.

ऊन नसतानाही तोंड बांधणारे इथे पुष्कळ आहेत. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, दालमिलमध्ये भुशीची धूळ असते, पऱ्हाटीवर फवारणी करताना औषधाचा फवारा अंगावर येतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांचा आग्रह वाढला, तो योग्यच होता. या सगळ्यांच्या खिशात आता स्मार्टफोन आहे. म्हणून झाकलेला चेहरा आणि फोन यांचा प्रश्न वऱ्हाडात साथीबरोबर संपलेला नाही. तो दर उन्हाळ्यात आणि दर हंगामात नव्याने उभा राहतो.

फोन चेहरा ओळखतो म्हणजे काय करतो? आधी तो समोरच्या दृश्यात चेहरा कुठे आहे ते शोधतो. मग डोळे, नाक, ओठांचे कोपरे अशा खुणा पकडून चेहरा सरळ रेषेत आणतो. शेवटी त्या चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक ओळीत करतो. नोंदणीच्या वेळची ओळ आणि आत्ताची ओळ यांच्यातलं अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आलं की कुलूप उघडतं. मास्क या तिन्ही पायऱ्यांवर आडवा येतो. कधी फोनला समोर चेहरा आहे हेच कळत नाही. कळलं तर नाक आणि ओठांच्या खुणा सापडत नाहीत. आणि जी ओळ तयार होते तिच्यात निम्मी माहिती कापडाची असते.

हे किती बिघडतं, याचं मोजमाप ‘निस्ट’ या अमेरिकी सरकारी मानक संस्थेने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. साथीच्या आधी तयार झालेल्या ८९ संगणकीय पद्धती तिने तपासल्या. त्यासाठी सुमारे १० लाख माणसांची ६० लाखांवर छायाचित्रं वापरली आणि त्यांवर संगणकाने मास्क रंगवले. उघडा चेहरा ओळखताना सर्वांत चांगल्या पद्धती हजारात तीनदा चुकत होत्या. मास्क लावल्यावर त्याच पद्धती शंभरात पाचदा चुकू लागल्या. एरवी कामचलाऊ असलेल्या अनेक पद्धतींची चूक २० ते ५० टक्क्यांवर गेली. नाक जितकं जास्त झाकलेलं तितकी चूक जास्त, आणि निळ्यापेक्षा काळ्या मास्कने जास्त.

याच अहवालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि तीच सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाची आहे. मास्कमुळे यंत्रं मालकाला नाकारू लागली, पण परक्याला मालक समजण्याची चूक वाढली नाही. काही ठिकाणी ती किंचित कमीच झाली. म्हणजे कमी दिसतंय म्हटल्यावर यंत्र दार बंद ठेवत होतं. कुलपाने असंच वागायला हवं. झाकलेल्या चेहऱ्याला मिळणारा नकार हा बिघाड नाही. धोका सुरू होतो तो माणूस कंटाळून कुलूपच सैल करतो तिथे.

चेहऱ्याने उघडणारे सगळे फोन सारखे नसतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन एक्ससोबत आणलेली फेस आयडी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ३०,००० हून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकते. नाकाच्या उंचवट्यावर ठिपका किती सरकला, डोळ्याच्या खोबणीत किती आत गेला, यावरून ती चेहऱ्याचा चढउतार मोजते. त्यामुळे सपाट छायाचित्र तिला फसवू शकत नाही आणि अंधारातही ती चालते. कुणीही अनोळखी माणूस तो फोन आपल्या चेहऱ्याने उघडू शकण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी, असं कंपनी सांगते. जुळी भावंडं, सारखी दिसणारी बहीणभावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत ही शक्यता जास्त असते, हेही तीच सांगते.

वऱ्हाडातल्या बहुतेक हातांत दिसतात ते मात्र दहा-पंधरा हजारांचे अँड्रॉइड फोन. त्यांत ठिपके टाकणारी यंत्रणा नसते. सेल्फीचा साधा कॅमेरा समोरचं चित्र बघतो आणि साठवलेल्या चित्राशी ताडून पाहतो. नेदरलँड्समधल्या कन्झुमेंटनबॉन्ड या ग्राहक संघटनेने जानेवारी २०१९ मध्ये ११० फोनांची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यांतले ४२ फोन मालकाच्या नुसत्या छायाचित्राने उघडले. २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने ४८ नवे फोन तपासले. १९ फोन कागदावर छापलेल्या फोटोला भुलले. अशा फोनांत चेहऱ्याने उघडण्याची सोय चालू करताना ‘ही पद्धत पिनपेक्षा कमी सुरक्षित आहे’ अशी सूचना पडद्यावर येते. ती वाचण्याआधीच बोट ‘पुढे’ या बटणावर गेलेलं असतं. ती सूचना खरी आहे.

साथीच्या काळात कंपन्यांनी वाट शोधली, पण टप्प्याटप्प्याने. मे २०२० मध्ये आयफोनला एवढंच शिकवलं गेलं की मास्क दिसला तर वेळ न घालवता पासकोडची पाटी समोर आणावी. एप्रिल २०२१ मध्ये मनगटावर ॲपलचं घड्याळ असेल तर मास्कसह फोन उघडू लागला. अर्थात ज्याला ते घड्याळ परवडेल त्याचाच. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे साथ सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावर, आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनांत फक्त डोळ्यांभोवतीच्या भागावरून ओळखण्याची सोय आली. ती चालू करताना कंपनीच पडद्यावर सांगते की पूर्ण चेहऱ्यावरची ओळख अधिक अचूक असते. चष्मा असेल तर प्रत्येक चष्म्यासह वेगळी नोंद करावी लागते. काळा गॉगल मात्र या सोयीत चालत नाही.

राजापेठच्या उन्हात ही वाट अडते ती इथेच. वैद्यकीय मास्क नाकापासून हनुवटीपर्यंत झाकतो; कपाळ, भुवया, डोळे, गालांचा वरचा भाग मोकळा सोडतो. फोन बनवणाऱ्यांनी त्या मोकळ्या भागावर भिस्त ठेवली. आपला स्कार्फ कपाळही झाकतो, भुवयांपर्यंत येतो, गालांवर चढतो आणि वर गॉगल असतो. डोळ्यांची ओळख घ्यायची तर डोळेच झाकलेले. त्यात दुपारच्या उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्या झोतात फोनने टाकलेले ठिपके वेगळे ओळखणं अवघड होतं. साध्या कॅमेऱ्याचंही तेच. सूर्य पाठीशी असला की चेहरा काळा पडतो. शिवाय आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा अशी ॲपलची शिफारस आहे. अकोला-अमरावतीत मे महिन्यात सकाळी दहाच्या आतच पारा ही मर्यादा ओलांडतो. कॅलिफोर्नियात बसून केलेल्या रचनेत वऱ्हाडचा उन्हाळा मोजलेला नाही, आणि ही तक्रार रास्त आहे. भारतात फोन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने मे महिन्यातल्या विदर्भात आपला फोन तपासून पाहायला हवा, दुपट्टा बांधलेल्या माणसाच्या हातात देऊन.

तोपर्यंत लोक आपापल्या युक्त्या काढतात. मार्च २०२० मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीच्या शुआनवू सुरक्षा प्रयोगशाळेने एक युक्ती लोकांसमोर आणली: मास्क मधोमध दुमडून अर्ध्या चेहऱ्यावर धरायचा आणि तसाच चेहरा फोनमध्ये नोंदवायचा. पुढे ही युक्ती जगभर फिरली. आजही कुणी स्कार्फ बांधूनच ‘दुसरा चेहरा’ म्हणून नोंद करून ठेवतं. हे करू नये. अर्धा चेहरा नोंदवला की फोनकडे ताडून पाहायला अर्धीच खूण उरते. स्कार्फ घराघरांत एकसारखे असतात, सख्ख्या बहिणींचे डोळे एकमेकींसारखे असतात, आणि साध्या कॅमेऱ्याच्या फोनला त्यांतला फरक कळेलच असं नाही. कापडाचीच नोंद झालेला फोन ते कापड बांधणाऱ्या कुणालाही आत घेऊ शकतो.

यात आता पैशाची बाजूही आली आहे. इतकी वर्षं यूपीआयने पैसे पाठवताना फोन उघडला तरी वेगळा पिन टाकावा लागत होता, त्यामुळे फोनचं कुलूप सैल असलं तरी खात्याचं कुलूप शाबूत राहायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पिनऐवजी फोनवरच्या बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने मंजुरी देण्याची सोय जाहीर झाली. अँड्रॉइडमध्ये चेहरा, बोट अशा ओळखींच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. वरच्या पातळीत बसण्यासाठी नकली चेहऱ्याला किंवा नकली बोटाला फसण्याचं प्रमाण सात टक्क्यांच्या आत लागतं. बँकेची ॲप्स साधारणपणे याच पातळीवर विश्वास ठेवतात. म्हणूनच अनेक फोनांत कुलूप चेहऱ्याने उघडतं, पण बँकेचं ॲप बोट किंवा पिन मागतं. हा त्रास नाही. आपल्या पैशाची राखण आहे.

बोटाचा ठसा सगळ्यांना चालेल असंही नाही. वेचणीत, निंदणात, विटाभट्टीवर झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानाच्या यंत्रावर उमटत नाहीत, हे मागच्या भागात आलंच आहे. घामेजलेल्या बोटालाही फोन नाकारतो. अशा माणसासाठी सहा आकडी पिन हीच भरवशाची किल्ली. ती ऊन, घाम, मास्क कशालाही अडत नाही. जन्मतारीख किंवा एकापुढे एक सहा शून्य एवढं टाळलं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा उन्हाळ्यापुरती व्यवस्था अशी असावी. फोनमध्ये चेहऱ्याची नोंद पूर्ण उघड्या चेहऱ्याने, सावलीत करावी. सोबत बोटाची नोंद असावी, शक्यतो दोन बोटांची, आणि मोज्यातून पटकन बाहेर काढता येईल असा अंगठा त्यांत असावा. साध्या कॅमेऱ्याच्या फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील तर चेहऱ्याने कुलूप उघडण्याची सोय बंदच ठेवलेली बरी. आणि भर रस्त्यात फोन उघडण्यासाठी स्कार्फ सोडू नये. सावलीत थांबावं, पिन टाकावा, काम उरकावं.

पुढच्या भागात हाच प्रश्न मेळघाटात नेऊ. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपमध्ये पडताळून घेणं बंधनकारक झालं आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या वाचकांनी त्याविषयीचे आपले अनुभव जरूर कळवावेत.