आधी जागा ओळखा, मग पक्षी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, मिन्समिअर हे पक्षी अभयारण्य आहे. सुमारे एक हजार हेक्टरांच्या या टापूत बोरूची दाट बेटं, उथळ तळी, ओली कुरणं, माळरान, जंगल आणि गोट्यांचा समुद्रकिनारा असं सगळं एकमेकांना खेटून आहे. इंग्लंडमधले पक्षी ओळखायला शिकायचं असेल, तर यापेक्षा सोयीची शाळा सापडणं कठीण. इथला पहिला धडा साधा आहे: रंग बघण्याआधी पक्षी कुठे बसलाय ते बघा.

या अभयारण्याचा जन्म युद्धात झाला. १९४० मध्ये जर्मन फौजा किनाऱ्यावर उतरतील या धास्तीने इथल्या कुरणांत मुद्दाम पाणी सोडण्यात आलं. जर्मन आले नाहीत, पक्षी मात्र आले. दलदली बुजवल्या गेल्यामुळे आणि शिकार व अंडीचोरीमुळे उचाट्या हा पक्षी ब्रिटनमध्ये घरटी करेनासा झाला होता. सुमारे शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, तो इथे पुन्हा वीण करताना दिसला. त्याच वर्षी ‘आरएसपीबी’ या १८८९ साली स्थापन झालेल्या पक्षीसंरक्षण संस्थेने ही जागा सांभाळायला घेतली. पुढे उचाट्या तिचं बोधचिन्ह झाला.

उचाट्या बघायचा तो ‘स्क्रेप’वर. बर्ट ॲक्सेल हे इथले वॉर्डन १९५९ मध्ये रुजू झाले आणि १९६२ पासून त्यांनी जमीन खरवडून उथळ तळी व त्यांत छोटी बेटं तयार करून घेतली. लपणात बसलं की समोर पांढऱ्या पक्ष्यांची नुसती गजबज असते. त्यातले बरेचसे कुरव. उन्हाळ्यात त्यांचं डोकं चॉकलेटी असतं. उचाट्याच्या अंगावर काळे पट्टे, पाय निळसर आणि चोच टोकाशी वर वळलेली. एवढंही दिसलं नाही, तर त्याची चाल बघा. घोटाभर पाण्यात पुढे सरकत तो चोच डावी-उजवीकडे फिरवतो आणि स्पर्शानेच बारीक किडे टिपतो. भिगवण किंवा जायकवाडीला हिवाळ्यात उचाट्या पाहिलेल्यांना ही चाल लगेच ओळखू येईल.

बोरूच्या रानात नियम बदलतो. इथे आधी कान, मग डोळे. वसंतात बिटर्न नर रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारावी तसा घुमतो. तो आवाज कित्येक किलोमीटर जातो, पण पक्षी दिसेल याची खात्री नाही. तपकिरी रेघांचा हा बगळ्याचा भाऊबंद चोच आभाळाकडे करून उभा राहिला, की बोरूत मिसळून जातो. १९९७ मध्ये सगळ्या ब्रिटनमध्ये घुमणारे फक्त ११ नर मोजले गेले. वाळक्या बोरूचा थर साचत जाऊन दलदली कोरड्या पडत होत्या आणि बिटर्नचे मासे संपत होते. म्हणून बोरू कापला, साचलेला थर उपसला, चर खणले. आज ब्रिटनमध्ये दोनशेच्या वर नर घुमतात.

याच रानावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. पंख उथळ ‘व्ही’सारखे उचलून तो संथ तरंगतो. मादी गडद तपकिरी, डोकं सायीच्या रंगाचं. नराच्या पंखांवर राखाडी पट्टा आणि टोकं काळी. विणीच्या दिवसांत नर भक्ष्य घेऊन येतो, मादी घरट्यावरून उठते, तो वरून शिकार सोडतो आणि ती हवेतच उलटी होऊन झेलते. कीटकनाशकांनी या पक्ष्याची अशी दैना केली, की १९७१ मध्ये सगळ्या ब्रिटनमध्ये विणीची एकच जोडी उरली होती, तीही मिन्समिअरला. आज जोड्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

माळरानावर पुन्हा वेगळी पाखरं. दिवसा आपल्या करवानकाचा मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा नातेवाईक, आणि उन्हाळ्यात तिन्हीसांजेला रातव्याची न थांबणारी किरकिर.

हे सगळं ‘निसर्गाच्या मर्जीने’ चाललंय, असा समज मात्र करून घेऊ नये. पाण्याची पातळी दारं उघडून-मिटून राखली जाते, माळावर झाडोरा माजू दिला जात नाही. दक्षिणेला साइझवेल अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट सतत नजरेत असतो. शेजारीच होऊ घातलेल्या ‘साइझवेल सी’ प्रकल्पाला २०२२ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. आरएसपीबीचा त्याला विरोध होता.

लंडनहून इप्सविचमार्गे रेल्वेने डार्शमला उतरावं आणि पुढे टॅक्सी करावी. मे महिना सर्वांत चांगला. हिवाळ्यात बदकांची गर्दी असते. दुर्बीण हवीच. आणि सगळं एकदम उरकायला जाऊ नका. सकाळ स्क्रेपला द्या, दुपार बोरूच्या रानाला आणि संध्याकाळ माळाला. पक्ष्यांची यादी मग आपोआप वाढते.