खाज थांबली, पण चोर घरातच!

मुलांनो, रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जून उजाडला की दांडीवरचे कपडे काही वाळत नाहीत. अंगात दमट गणवेश, वर रेनकोट आणि आत घामाच्या धारा! अशा दिवसांत एक नको असलेला पाहुणा हमखास येतो. त्याचं नाव गजकर्ण. कुणी त्याला नायटाही म्हणतात.

मी चौथीला शिकवते. एका जुलैत वर्गातल्या एका मुलाशेजारी कुणी बसेना. त्याला आपण बंड्या म्हणू. त्याच्या कमरेवर नि मानेवर लालसर गोल चट्टे उठले होते. बिचारा मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचा. मग शाळेत यायचाच बंद झाला.

मी घरी गेले. त्याची आई म्हणाली, "बाई, दुकानातून मलम आणून लावतोय ना! दोन दिवसांत खाज थांबते. पण बंद केलं की दुप्पट उठतं." तीन ट्यूब संपल्या होत्या आणि आता बंड्याच्या ताईलाही चट्टे आले होते.

असं का झालं? ऐका हं. गजकर्ण ही एक बुरशी. पावसाळ्यात चपलांवर चढते ना, तिचीच ही भावंडं! आपल्या कातडीच्या वरच्या थरात, केसांत, नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. तेच हिचं खाणं. खात खात ती बाहेर पसरते, मधला भाग निवळतो, म्हणून चट्टा कड्यासारखा दिसतो.

आपल्या शरीरातले शिपाई तिच्याशी लढतात. त्या लढाईमुळेच लाली आणि खाज येते. दुकानातून न विचारता आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. ते या शिपायांनाच झोपवतं! खाज थांबते, आपल्याला वाटतं बरं झालं. पण पहारा उठल्यावर चोर ऐसपैस पसरतो. शिवाय कातडी पातळ होते, वळ उठतात. 'गोरं करणाऱ्या' काही क्रीममध्येही स्टेरॉइड सापडतं. त्याने तोंडावर पुरळ नि लव येते. ताईदादांनो, ऐकताय ना?

स्टेरॉइड मुळात वाईट नव्हे. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून देतात. म्हणून तर २०१८ साली सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी सवय जात नाही. त्यात नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीची एक जात भारतात फोफावली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी तिचं नाव ठेवलं, त्यातही 'इंडो' आहे! २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्येही आढळली.

बंड्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चट्ट्याची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि बुरशीचं औषध भाऊबहिणीला एकदमच दिलं. एकालाच दिलं असतं तर दुसऱ्याकडून पुन्हा आलं असतं! "चट्टे दिसेनासे झाले तरी मी सांगेन तोवर औषध थांबवायचं नाही," असं त्यांनी बजावलं. कमरेचा सदा ओला करगोटाही काढायला लावला.

पालकांनो, टाकळ्याची भाजी पावसाळ्यात जरूर करा, पण पाला किंवा बिब्बा चट्ट्यावर चोळू नका. बिब्ब्याने कातडी भाजते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा. ऊन नसेल तेव्हा कपड्यांना आतून इस्त्री फिरवा.

आणि मुलांनो, गजकर्ण अंगाला अंग घासून, एकमेकांचे कपडे, टॉवेल वापरून पसरतं. शेजारी बसून गप्पा मारल्याने नाही!

काही आठवड्यांनी बंड्या बरा झाला. पण वर्गात तो त्याआधीच परतला होता. पहिल्या दिवशी दार धरून उभाच राहिला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा सरकला आणि म्हणाला, "ये रे, बस हकडे." औषधाइतकाच गुण त्या सरकण्याचाही होता, बरं का!