डिझेल गाडीच्या श्वासनळीतली काजळी

आजचा विषय जरा मळका आहे, पण नाशिककरांना तो परका नाही. सातपूरला मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. महिंद्राच्या गाड्या इथे तयार होतात, इगतपुरीला त्यांचा इंजिनांचा कारखाना आहे. डिझेलवर आपल्याकडच्या कितीतरी घरांची चूल पेटते. आणि याच गावातल्या गॅरेजमध्ये गाडीचा पिकअप पडला की ऐकू येतं, "साहेब, आत कार्बन धरलाय, मॅनिफोल्ड खोलावा लागेल."

आता हा कार्बन आला कुठून? हवा आत घेणाऱ्या वाटेवर एअर फिल्टर बसवलेला असतो. धूळ तिथेच अडते. मग पुढे बोटभर जाडीचा काळा चिखल कसा साचतो? उत्तर असं, की ही काजळी बाहेरून येत नाही. इंजिनच आपला धूर पुन्हा आत घेतं, आणि ते मुद्दाम घेतं.

डिझेल फार तापून जळलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायू फुप्फुसांना घातक असतात. ते कमी व्हावेत म्हणून थोडा धूर ताज्या हवेत मिसळून परत सिलिंडरमध्ये सोडतात. त्यानं ऑक्सिजन कमी मिळतो, जळण थोडं थंड होतं. धूर किती सोडायचा हे ठरवणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. भारत स्टेज चारमध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आलं आणि मर्यादा ०.०८ ग्रॅमवर आली. ईजीआर कशासाठी आहे, हे या आकड्यांवरून कळतं.

पण नुसती काजळी कोरडी असते, बरीचशी उडून जाते. तिला चिकटवणारा दुसरा भिडू आहे तेलाची वाफ. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑइलच्या भागात उतरतो. तो हवेत न सोडता ब्रीदरच्या नळीनं टर्बोच्या आधी इनटेकमध्ये परत घेतात. त्याच्याबरोबर तेलाचे बारीक कण येतात. टर्बो, इंटरकूलर असा प्रवास करून ते पुढे येतात आणि ईजीआरच्या तोंडाशी काजळीला भेटतात. तिथून पुढे डांबरासारखा थर बसत जातो.

म्हणून नळी काढली की आधी बघायचं, मळ कुठे आहे आणि कसा आहे. ईजीआरच्या आधीच्या नळीत तेलाचा पातळ हात फिरवल्यासारखा थर असेल तर काळजी नको. तिथे तेलाचं डबकं असेल तर मात्र नुसती सफाई करून उपयोग नाही. ऑइल खुणेच्या वर भरलंय का, एअर फिल्टर तुंबलाय का, ब्रीदर चोंदलाय का, टर्बोचं सील गेलंय का, रिंगा झिजल्यात का, हे क्रमानं तपासायचं. ईजीआरच्या पुढचा काळा चिखल हा मॅनिफोल्ड खोलून काढायचा मळ.

सफाई करताना इंजिन थंड हवं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. खोलण्याआधी जोडण्यांचे फोटो काढून ठेवा. मॅनिफोल्ड उतरवला की इंजिनकडची उघडी तोंडं स्वच्छ फडक्यांनी बंद करा आणि फडकी मोजून ठेवा. एक आत राहिलं तर मोठं काम निघतं. थर आधी क्लीनरनं किंवा डिझेलनं भिजवून मऊ करायचा, मग लाकडी पट्टी आणि नायलॉनच्या ब्रशनं काढायचा. अॅल्युमिनियमच्या बसणीवर लोखंडी पातं चालवू नका, ओरखड्यातून हवा गळते. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो. ईजीआरची मोटर आणि वायरिंगची बाजू द्रावणात बुडवायची नाही. हवा मोजणाऱ्या सेन्सरला हात किंवा ब्रश लावायचा नाही. त्याचा स्प्रे वेगळा मिळतो. बसवताना पॅकिंग नवीनच घ्या. काही गाड्यांत नंतर स्कॅनर लावून व्हॉल्व्हची जागा पुन्हा शिकवावी लागते.

इथे एक धोका नीट समजून घेऊ. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवेबरोबर जळण्याजोगं काहीही आत आलं की ते दाबानं पेटतं. इंटरकूलर धुऊन त्यात द्रावण किंवा तेल राहिलं आणि गाडी चालू केली, तर इंजिन त्याच्यावरच धावायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावीनं फक्त टाकीतलं डिझेल बंद होतं. इंजिन फुटेपर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून इंटरकूलर उलटा टांगून पूर्ण निथळू द्या, वाळू द्या. चालू इंजिनात स्प्रे मारण्याची पद्धत पातळ थरापुरती ठीक. जाड थरावर मारला तर सुटलेला गठ्ठा थेट सिलिंडरमध्ये जाण्याची भीती असते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "ईजीआरला पत्रा मारून टाकला तर?" पॅकिंगमध्ये पत्रा कापून घालतात, धूर परत येणं बंद होतं, मॅनिफोल्ड स्वच्छ राहतो. आणि गाडी पीयूसीतही पास होते! कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत, कागदावरही येत नाहीत, पण द्वारका सर्कलला सिग्नलवर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या छातीत जातात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे, त्यांच्या यादीत नाशिक आहे. आपला सफाईचा खर्च वाचवून तो दुसऱ्याच्या फुप्फुसांवर टाकणं, हे गणित आम्हाला पटत नाही. शिवाय ते कायद्यातही बसत नाही.

काम करणाऱ्यांचंही बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. गॅरेजमधलं पोरगं तोंडाला काही न बांधता कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडी काजळी उडवतं, ते थांबवा. हातमोजे, मास्क द्या, काजळी ओलीच काढा. आणि निघालेलं काळं पाणी गटारात ओतू नका. सातपूर-अंबडकडचं पाणी नासर्डीला मिळतं आणि नासर्डी गोदावरीला. गाळ डब्यात भरून जुन्या ऑइलबरोबर वेगळा द्या.

शेवटी, थर लवकर बसू नये म्हणून काय करायचं? गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढंच रोज फिरणारी गाडी नीट तापतच नाही आणि काजळी जास्त धरते. आठवड्यातून एकदा सिन्नर किंवा इगतपुरीच्या बाजूला अर्धा तास चांगल्या वेगात न्या. जोर पडला की ईजीआर बंद होत जातो, इंजिन पूर्ण तापतं. बसलेला थर यानं निघत नाही, पण नवा सावकाश धरतो. ऑइल कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं आणि खुणेच्या आत ठेवा. द्राक्षबागेच्या, कच्च्या रस्त्याच्या गाड्यांचा एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न बघता तपासा.

एवढं केलं तर "कार्बन धरलाय" हे वाक्य पुढच्या वेळी ऐकताना घाबरायचं कारण नाही. मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, "नळी काढून दाखव, मळ ईजीआरच्या आधी आहे की पुढे?" काम किती आणि कसलं, हे उत्तरावरून तुम्हालाच कळेल.