यॉर्कची एका वर्षाची गादी

इंग्लंडच्या उत्तरेस ऊझ नदीच्या काठी यॉर्क नावाचे जुने शहर आहे. प्रवासी तेथे जातात ते मिन्स्टर पाहायला. मिन्स्टर म्हणजे तेथले प्रचंड कॅथीड्रल. ते बांधून पुरे व्हायला अडीचशे वर्षे लागली. यॉर्कच्या आर्चबिशपचा मान कँटरबरीच्या खालोखाल. एवढे मोठे धर्मपीठ गावात म्हटल्यावर गावचा कारभारही धर्माधिकाऱ्यांच्याच मुठीत असेल, असे कोणालाही वाटेल. पण तसे नव्हते. मिन्स्टरच्या आवारात त्यांचा अंमल. आवाराबाहेर पाऊल टाकले की राज्य मेयरचे. आणि हा मेयर कोण? तर कापडाचा व्यापारी, सोनार, क्वचित एखादा खाणावळवाला! एक वर्ष त्याच्यापुढे तलवार आणि राजदंड मिरवत न्यायचे, वर्ष सरले की स्वारी पुन्हा दुकानात.

ही गादी यॉर्ककरांनी पैसे मोजून मिळवली. राजा जॉनला पैशाची सदैव गरज. इ. स. १२१२ मध्ये त्याने सनद दिली, की वर्षाला १६० पौंड द्या आणि शहराचा वसूल तुमचा तुम्ही गोळा करा. पाचच वर्षांनी, १२१७ मध्ये, ह्यू सेल्बी या मेयरचे नाव कागदपत्रांत दिसते. पुढे दुसऱ्या रिचर्डची या शहरावर मर्जी बसली. त्याने स्वतःच्या कमरेची तलवार मेयरला दिली आणि तेव्हापासून यॉर्कचा मेयर 'लॉर्ड मेयर' झाला, अशी परंपरा आहे. कथा बाजूला ठेवली तरी १३९६ ची सनद खरी आहे. तिने यॉर्क हे शहर स्वतःच एक परगणा ठरले आणि त्याला दोन शेरिफ मिळाले. हा शेरिफ म्हणजे आपला मुंबईचा नगरपालच. फरक इतकाच की यॉर्कच्या शेरिफला त्या काळी कैद्याला फासापर्यंत नेऊन पोचवावे लागे.

आधी चेंबरलेन म्हणजे शहराचा खजिनदार, मग शेरिफ, मग आल्डरमन आणि शेवटी मेयर, अशी ही शिडी होती. वर चढायला पैसा लागे. मेजवान्या स्वतःच्या खिशातून, झगे स्वतःचे, शिवाय वर्षभर धंद्याकडे दुर्लक्ष. म्हणून दंड भरून पद टाळणारेही पुष्कळ निघत. मानाचे पद चुकवण्यासाठी पदरचे पैसे भरायचे, ही गोष्ट आजच्या वाचकाला जरा नवलाची वाटेल!

पण ज्यांना पद हवे असे, त्यांना ते फार हवे असे. जॉन गिझबर्न हा गडगंज व्यापारी १३८० साली मेयर होता. नोव्हेंबरात लोक त्याच्यावर इतके उखडले, की त्याला शहर सोडून पळावे लागले. जमावाने कुऱ्हाडींनी गिल्डहॉलची दारे फोडली आणि सायमन क्विक्सली नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला धरून आणून, त्याची इच्छा नसताना, मेयरपदाची शपथ घ्यायला लावली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. पुढल्या वर्षी क्विक्सली रीतसर निवडून आला, तेव्हा गिझबर्न आपले लोक घेऊन बूथम वेशीवर चालून आला आणि भर शहरात मारामारी झाली. अखेर राजाची माफी मिळवायला शहराला हजार मार्क, म्हणजे साडेसहाशेहून अधिक पौंड मोजावे लागले. वर्षाच्या वसुलाच्या चौपट रक्कम! दोन शेटजींच्या भांडणात गाव बुडाले म्हणायचे.

या मंडळींचे धैर्य पाहायचे तर १४८५ साल पाहावे. बॉस्वर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला. इतिहासाने त्याला पुतण्यांचा खुनी म्हणून रंगवले. यॉर्कला मात्र तो आपला वाटे. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी मेयर आणि त्याचे सहकारी जमले आणि आपल्या राजाचा करुण अंत झाला, शहर शोकात बुडाले, अशी नोंद त्यांनी दप्तरात करून ठेवली. विजेता सातवा हेन्री सिंहासनाकडे निघाला होता, तेव्हाची ही गोष्ट! पुढे त्याने शहराच्या रेकॉर्डरपदासाठी आपला माणूस सुचवला, तर त्यालाही हे लोक अत्यंत नम्र शब्दांत टोलवीत राहिले.

त्याच्या मुलापुढे मात्र गुडघे टेकावे लागले. उत्तरेत बंड झाले होते. त्यानंतर १५४१ मध्ये आठवा हेन्री यॉर्कला आला, तेव्हा लॉर्ड मेयर आणि आल्डरमन वेशीबाहेर गुडघ्यांवर बसून राहिले आणि राजाला शंभर, राणीला चाळीस पौंड नजर करून त्यांनी क्षमा मागितली.

पण या गादीची खरी किंमत एका खाटकाच्या बायकोच्या हकीकतीतून कळते. तिचे नाव मार्गारेट क्लिदरो. बाप टॉमस मिडलटन शहराचा शेरिफ होऊन गेलेला. तो वारल्यावर थोड्याच महिन्यांत आईने हेन्री मे नावाच्या परगावच्या माणसाशी लग्न केले. या मेने खाणावळ चालवली, एकेक पायरी चढत गेला आणि १५८६ च्या फेब्रुवारीत लॉर्ड मेयर झाला. मार्गारेटची आई त्याआधीच, १५८५ मध्ये, वारली होती. नाहीतर तीच लेडी मेयरेस म्हणून मिरवली असती.

मार्गारेट शॅम्बल्स या खाटकांच्या गल्लीत राहत असे. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पाद्र्याला आसरा देणे म्हणजे मृत्युदंड. मार्गारेट स्वतः कॅथलिक झालेली. ती पाद्र्यांना घरात लपवी. सावत्र बाप गादीवर बसून पुरता दीड महिनाही झाला नव्हता, तोच १० मार्चला तिच्या घरावर धाड आली.

खटला उभा राहिला तो शहराच्याच गिल्डहॉलमध्ये. गुन्हा कबूल आहे की नाही, या प्रश्नाला तिने उत्तरच दिले नाही. उत्तर दिले असते तर खटला चालला असता, आणि खटल्यात तिच्या पोटच्या मुलांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभे केले असते. उत्तर न देणाऱ्याला त्या काळच्या कायद्यात एकच शिक्षा होती. त्याला वजनाखाली चिरडायचे. मे तिची समजूत घालायला कैदखान्यात आला होता, असे तिचा चरित्रकार लिहितो. तो चरित्रकार तिच्याच पंथाचा पाद्री होता, तेव्हा मेविषयी तो चांगले लिहिणार नाहीच. पण त्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. वर्षानुवर्षे घासून मिळवलेली खुर्ची, वर राणीचे न्यायाधीश, आणि समोर बायकोची पहिल्या घरची मुलगी. न्यायाधीशांचा हुकूम त्याला फिरवता येत नव्हता हे खरे. पण तो त्यासाठी झगडल्याचेही कोठे दिसत नाही.

२५ मार्चला ऊझ पुलावरच्या चौकीत तिला आडवे केले. पाठीखाली टोकदार दगड, अंगावर दार आणि दारावर सुमारे नऊ-दहा मण वजन. काम करवून घ्यायचे होते शेरिफांनी, म्हणजे एकेकाळी तिच्या बापाने भूषवलेल्या पदावरच्या माणसांनी. त्यांच्या शिपायांचेही हात धजले नाहीत. चार भिकाऱ्यांना पैसे देऊन ते उरकण्यात आले. पाव तास लागला. १९७० मध्ये पोपने तिला संत म्हणून जाहीर केले. हेन्री मेचे नाव लॉर्ड मेयरांच्या यादीत आहे, आणि त्याच्यापुढे १५८६ हे साल.

त्यानंतरची दोनशे वर्षे यॉर्कच्या मानाने सुस्तीची गेली. मात्र लॉर्ड मेयरसाठी मॅन्शन हाउस बांधले गेले. १७२५ मध्ये पायाभरणी झाली आणि सात-आठ वर्षांत वास्तू उभी राहिली. लंडनचे मॅन्शन हाउस त्याच्या नंतरचे. याच सुमारास, १७२६ च्या राजसनदेने, मुंबईलाही मेयर आणि नऊ आल्डरमन यांचे न्यायालय मिळाले. यॉर्कसारख्या शहरांत शेकडो वर्षे घडत आलेली ही पदे आपल्याकडे अशी जहाजातून तयार उतरली.

१८३५ च्या कायद्याने बंदिस्त आल्डरमनशाही मोडली आणि करदात्यांना मत मिळाले. आणि दोनच वर्षांत कोण गादीवर आला? जॉर्ज हडसन! शेतकऱ्याचा पोरका मुलगा, कापडदुकानात उमेदवारी केलेला. १८२७ मध्ये एका नातेवाइकाचे तीस हजार पौंड त्याला मिळाले आणि त्याला आगगाडीचे वेड लागले. तो तीनदा लॉर्ड मेयर झाला, यॉर्कला रेल्वे आणली, हजार मैलांहून अधिक लोहमार्ग ताब्यात घेतले. लोक त्याला रेल्वेचा राजा म्हणत. १८४९ मध्ये चौकशी झाली, तेव्हा नफ्याऐवजी भांडवलातूनच लाभांश वाटल्याचे उघड झाले. त्याच्या नावाच्या रस्त्याचे नाव बदलून रेल्वे स्ट्रीट ठेवण्यात आले. पुढे कर्जापायी तो यॉर्कच्याच तुरुंगात जाऊन आला. त्याचा कट्टर विरोधक जॉर्ज लीमन पुढे स्वतः तीनदा लॉर्ड मेयर झाला. स्टेशनजवळ पुतळा आहे तो लीमनचा. हडसनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, १९७१ मध्ये, शहराने रस्त्याला त्याचे नाव परत दिले. शंभर वर्षे हा राग निवळायला पुरेशी आहेत, असे यॉर्ककरांना वाटले असावे.

१९४१ मध्ये एडना ॲनी क्रिक्टन ही पहिली स्त्री लॉर्ड मेयर झाली. तिच्याच कारकिर्दीत, २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे, जर्मन बॉम्बफेकीत तो पंधराव्या शतकातला गिल्डहॉल जळाला. जेथे मार्गारेट गप्प उभी राहिली होती, तेथे नुसत्या भिंती उरल्या. १९६० मध्ये तो पुन्हा उभारून झाला.

आता लॉर्ड मेयर आणि शेरिफ दोन्ही पदे केवळ मानाची आहेत. कारभार नगरपरिषदेचा. शिवाय २०२४ पासून यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायर या सबंध भागासाठी लोकांनी थेट निवडलेला एक निराळाच मेयर आहे. त्याच्या हाती निधी आहे, पण तलवार नाही. तलवारी मॅन्शन हाउसमध्ये आहेत. त्यांतली एक कधीकाळी सम्राट सिगिसमंडची होती. त्याच घराच्या भिंतीवर हडसनचे भले मोठे तैलचित्र लावलेले आहे, अंगावर लॉर्ड मेयरचा झगा चढवलेले.